पंपावर असताना साखर चढली तर

नमस्कार, श्रोतेहो.

टाइप १ मधुमेहासाठी इन्शुलिन पंप वापरणारी मुले आणि मोठी माणसे, आणि त्यांच्याइतकेच त्यांच्या घरचे लोक, यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. पंपावर असलेल्या मुलाची साखर अचानक तीनशेवर दिसली की घरातून पहिला प्रश्न येतो, “काय खाल्लंस?” माझी कळकळीची विनंती अशी आहे की, हा प्रश्न विचारण्याआधी पंप, नळी आणि कॅन्युला, म्हणजे नळीच्या टोकाला कातडीखाली बसवलेली बारीक, मऊ नळी, पाहावी.

त्यामागचे कारण समजून घेऊ. पेनने किंवा सिरिंजने इन्शुलिन घेणाऱ्या माणसाच्या अंगात बहुधा दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनचा साठा असतो, त्यामुळे जेवणाआधीचे एखादे इंजेक्शन चुकले तरी तो साठा काही काळ सांभाळून घेतो. पंपात मात्र फक्त जलद काम करणारे इन्शुलिन असते. तेच चोवीस तास थोडे थोडे सोडले जाते, त्याला बेसल म्हणतात, आणि जेवणाआधी एकदम दिले जाते तो बोलस. पहाटेच्या संप्रेरकांमुळे साखर चढत असेल, तर पहाटे तीनपासूनचा बेसल दर वाढवून ठेवता येतो, ही सोय इंजेक्शनात नाही. पण ती सोय ज्या नळीवर अवलंबून आहे, ती नळी बंद झाली की काही तासांतच शरीरातले इन्शुलिन संपते, पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचू लागतात.

अलार्म वाजेल, या भरवशावर राहू नये. लहान मुलाचा बेसल दर तासाला अर्धा युनिट किंवा त्याहूनही कमी असू शकतो, त्यामुळे नळी तुंबल्यावर आतला दाब वाढून अलार्म वाजायला कित्येक तास लागू शकतात. कॅन्युला कातडीबाहेर निसटली असेल, तर इन्शुलिन नुसते पट्टीखाली झिरपत राहते आणि अलार्म वाजतच नाही. अशा वेळी पट्टीला बोट लावून पाहावे, ती ओलसर लागते, आणि बोटाला इन्शुलिनचा तो दवाखान्यासारखा उग्र वास येतो. कॅन्युला काढल्यावर कधी तिचे टोक काटकोनात मुडपलेले दिसते, कधी नळीत हवेचा बुडबुडा सापडतो. सेट, म्हणजे नळी आणि कॅन्युला, तीन दिवसांपेक्षा जास्त वापरला असेल किंवा कॅन्युला गाठ झालेल्या जागी लावली असेल, तर वेगळे कारण शोधत बसू नये.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. साखर २५० च्या वर गेली आणि कारण कळत नसेल, तर बोटाला टोचून ती पुन्हा तपासावी आणि सोबत कीटोनही तपासावेत. रक्तातील कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) पेक्षा कमी असतील, तर पंपाने एकदा दुरुस्तीचा, म्हणजे चढलेली साखर उतरवण्याचा, बोलस द्यावा आणि तासाभराने पुन्हा पाहावे. साखर उतरत नसेल तर पंपाचे बटण पुन्हा दाबू नये, कारण जो रस्ता बंद असल्याचा संशय आहे, त्याच रस्त्याने औषध पाठवण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने किंवा सिरिंजने घ्यावा, आणि मगच नवा सेट नव्या इन्शुलिनसह नव्या जागी लावावा. कीटोन ०.६ किंवा त्याहून जास्त असतील तर वाट न पाहता सुरुवातच इंजेक्शनने करावी आणि पाणी भरपूर प्यावे. ते १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन करावा, आणि ३ च्या वर गेले तर थेट रुग्णालय गाठावे.

सिरिंजबाबत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कुप्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट इन्शुलिन असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पंपात मात्र १०० युनिटचे इन्शुलिन भरतात. ते लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले, तर डोस अडीचपट जाईल. म्हणून पंपाच्या सामानात १०० युनिटची, केशरी टोपणाची सिरिंजच ठेवावी.

उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली की आपल्या घरांत “पित्त झालं असेल, बाहेरचं बाधलं असेल” असे म्हणून लिंबूपाणी दिले जाते. पंपावरच्या मुलाच्या बाबतीत हा अंदाज जिवावर बेतू शकतो. उलटी झाली की आधी कीटोन तपासावेत. श्वास खोल आणि जलद चालला असेल, त्याला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, तर क्षणभरही थांबू नये.

अर्थात, कधी कारण ताटातच असते. पुरणपोळी आणि वर तुपाची धार असेल तर साखर उशिरा आणि बराच वेळ चढते, तेव्हा बोलस दोन भागांत विभागून देण्याची पंपातील सोय डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. मात्र आधीचा बोलस तीन ते पाच तास काम करत असतो, हे विसरून डोसावर डोस दिला, तर पुढे साखर धोकादायकरीत्या खाली येते.

शाळेत, प्रवासात, लग्नघरी जाताना जादा सेट, इन्शुलिन, सिरिंज, कीटोनच्या पट्ट्या आणि बॅटरी असलेली पिशवी जवळ असावी. मे महिन्यात ती उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, त्या उष्णतेत इन्शुलिन खराब होते. याच पिशवीत पंपातील बेसल दर कागदावर लिहून ठेवावेत, कारण पंप अचानक बंद पडला, तर दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनचा डोस ठरवताना डॉक्टरांना तेच आकडे लागतात.