कातिनचं हत्याकांड: तारीख कशी सापडली?

(टेबलावर सागाची चकती)

राम राम मंडळी. ही चकती सातपुड्यातल्या सागाची. एक वलय म्हणजे एक वर्ष, हे जंगलात राबलेला कुणीही सांगेल. रशियात स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात हजारो पोलिश युद्धकैदी मारून पुरले होते. ते कधी मारले, हे शोधताना अशीच वलयं मोजावी लागली.

आधी थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला, पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. सोव्हिएतांनी पकडलेले अधिकारी आणि पोलिस कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव्ह इथल्या छावण्यांत ठेवले. १९४० च्या एप्रिल-मेनंतर त्यांची घरी येणारी पत्रं थांबली. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनचे खड्डे सापडल्याचं जाहीर केलं. मॉस्को म्हणाली, जर्मनांनीच १९४१ मध्ये मारलं.

आता नीट लक्ष द्या. स्मोलेन्स्क जुलै १९४१ मध्ये जर्मनांच्या हाती गेलं. म्हणजे तारीख ठरली की खुनी ठरला. आणि तारीख सांगणारे दोघंही पट्टीचे खोटारडे, म्हणून माणसांचं सोडून वस्तूंना विचारायचं.

खड्ड्यांवर पाइनची रोपं लावलेली होती. ती किमान पाच वर्षांची निघाली. मिरचीचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की काही दिवस मान टाकतं, बघितलंय ना? झाडाचंही तसंच. वाढ अडखळते आणि त्याची खूण लाकडात राहते. सूक्ष्मदर्शकाखाली ती खूण तीन वर्षांपूर्वीची दिसली. १९४३ मधून तीन वजा करा.

पण ही तपासणी जर्मन ताब्यात झाली, म्हणून एकट्या रोपांवर विसंबता येत नाही.

पोलिश रेड क्रॉसच्या पथकानं चार हजारांवर प्रेतं तपासली. प्रेताला नंबराचा पत्रा, खिशातले कागद त्याच नंबराच्या पाकिटात. डायऱ्या, पत्रं, वर्तमानपत्रं सगळी १९४० च्या वसंतातच थांबतात. मारलेल्यांपैकी मेजर सोल्स्कींच्या डायरीतली शेवटची नोंद ९ एप्रिल १९४० ची: जंगलात आणलं, झडती घेतली, घड्याळ काढून घेतलं.

पुढे जानेवारी १९४४ मध्ये बुर्देन्को यांच्या सोव्हिएत आयोगानं १९४१ च्या तारखांचे कागद दाखवले. तोवर खड्डे सोव्हिएतांच्या ताब्यात आले होते. खड्डा एकदा उघडून बुजवला की नंतर ‘सापडलेल्या’ कागदाला आमच्या मते वजन उरत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ गोळ्यांनी केला. ७.६५ मिलिमीटर, जर्मन कारखान्याच्या. पण रावेरची केळी दिल्लीत मिळाली म्हणून विकणारा रावेरचा ठरतो का? हा माल युद्धाआधी परदेशात निर्यात होत होता. गोळीवरचा शिक्का कारखाना सांगतो, चाप कुणी ओढला ते सांगत नाही.

युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएतांनी हा आरोप जर्मनांवर ठेवला. निकालात त्याचा उल्लेखही नाही.

(स्क्रीनवर दोन याद्या शेजारी शेजारी)

गाठ सुटली ती याद्यांमुळे. १९८९-९० च्या सुमारास रशियन इतिहासकारांनी कोझेल्स्कहून कैदी नेल्याच्या सरकारी याद्या काढून १९४३ च्या प्रेतांच्या यादीशी ताडल्या. एकाच तुकडीत रवाना झालेली नावं खड्ड्यातही शेजारी शेजारी निघाली. हे कागद मारणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेले, म्हणून आम्हाला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो. १३ एप्रिल १९९० ला मॉस्कोनं कबुली दिली. १९९२ मध्ये ५ मार्च १९४० चा मूळ हुकूम बाहेर आला, त्यावर स्टालिनची सही. १९५९ च्या एका गुप्त टिपणात एकूण आकडा आहे २१,८५७. कातिनमध्ये त्यातले ४,४२१, बाकीचे खार्किव्ह, कालिनिन इथं आणि युक्रेन-बेलारूसमधल्या तुरुंगांत.

युक्रेनमधल्या तुरुंगांतून मारलेल्यांची यादी १९९४ मध्ये पोलंडला मिळाली. बेलारूसची यादी अजून मिळालेली नाही. त्या माणसांची नावं घरच्यांच्या अर्जांवरून, जुन्या पत्रांवरून एकेक करून जुळवावी लागतात.