बोंदी, लूका, चोर्रो : ब्युनोस आयर्समध्ये नव्याने राहताना

[दृश्य : फुटपाथवरची टपरी. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट, कप, किचेन. मागे रहदारीचा आवाज.]

9 डिसेंबर 2022. कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर अर्जेंटिनाने नुकतंच नेदरलँड्सला पेनल्टीवर घरी पाठवलंय. मेस्सी मुलाखत द्यायला उभा आहे. बोलता बोलता त्याची नजर बाजूला उभ्या असलेल्या डच खेळाडूवर जाते आणि तो म्हणतो, "के मिरास, बोबो? आंदा पा आशा." काय बघतोस रे बावळटा? चल, हो तिकडे. थोड्याच दिवसांत हे वाक्य कपांवर छापून आलं, टी-शर्टांवर आलं.

पुण्या-मुंबईत स्पॅनिशचा क्लास करून गेलेल्या माणसाने हे वाक्य नीट ऐकावं. ब्युनोस आयर्समध्ये त्याचं काय होणार आहे, ते सगळं यात आहे. स्पॅनिशमध्ये 'तू'ला 'तू'च म्हणतात, हे आपल्याला पहिल्याच तासाला फार आवडतं. या शहरात तो 'तू' वापरतच नाहीत. इथे 'वोस'. त्याच्याबरोबर क्रियापदही बदलतं, जोर शेवटच्या अक्षरावर जातो, जसं मेस्सीचं 'मिरास' आणि 'आंदा'. आणि दुसरा धक्का 'श'चा. पुस्तकात जिथे 'य' शिकलात, तिथे इथे 'श' ऐकू येतो. 'मी' म्हणजे 'शो', रस्ता म्हणजे 'काशे', चिकन म्हणजे 'पोशो', पाऊस म्हणजे 'शूव्या'. नवा माणूस पहिला आठवडा नुसता श-श-श ऐकत फिरतो.

'वोस' सगळ्यांना. भाजीवाल्याला, बँकेतल्या बाईंना, घरमालकाला. अहो-जाहोसाठी 'उस्तेद' आहे, पण तो वयस्कर माणसांसाठी आणि सरकारी खिडकीसाठी. आपल्या सवयीने एखाद्या चाळिशीतल्या बाईंना 'उस्तेद' म्हणालात, तर त्या म्हणतील, मी काय म्हातारी दिसते का?

[दृश्य : बस स्टॉप. सकाळ. लोक एकामागे एक उभे.]

स्टॉपवर रांग असते आणि ती पाळली जाते. पण बस आपणहून थांबेल या भरवशावर राहू नका, हात करावा लागतो. नुसता हात वर केला की झालं असंही नाही. तो ड्रायव्हरला लांबून दिसायला हवा. दार उघडतं. पुढच्या दाराने चढायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं, कुठे जायचंय. "आस्ता चाकारीता." चाकारीतापर्यंत. तो बटण दाबतो, यंत्रावर भाडं उमटतं, मग कार्ड टेकवायचं. या कार्डाचं नाव 'सूबे', अर्थ 'चढतो'. आधी कार्ड टेकवलंत तर ड्रायव्हर आरशातून बघतो. तो काही बोलत नाही. मागची रांग बोलते.

बसला कागदोपत्री 'कोलेक्तीवो' म्हणतात. 1928 मध्ये धंदा मंदावलेल्या टॅक्सीवाल्यांनी ठरलेल्या मार्गावर सीटप्रमाणे पैसे घेऊन माणसं न्यायला सुरुवात केली. शेअर टॅक्सीच ती. तिची पुढे बस झाली. जुन्या बसगाड्यांच्या अंगावर वेलबुट्टी, फुलं आणि वळणदार अक्षरं रंगवलेली असत. 'फिलेतेआदो' नावाची ही कला 2015 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. बोलताना मात्र बरेच जण कोलेक्तीवो म्हणत नाहीत. म्हणतात 'बोंदी'. हा शब्द ब्राझीलमधून आला, तिथे ट्रामला 'बोंदे' म्हणत. ट्राम गेल्या, शब्द बसवर बसला.

काम म्हणजे 'लाबूरो', मुळात इटालियन. पोरगा म्हणजे 'पीबे', हाही इटालियनच. मॅरादोनाला 'पीबे दे ओरो', सोन्याचा पोरगा, म्हणायचे तोच हा पीबे. दुपारी अंगात येणारा आळस, तो 'फियाका', इटलीतल्या जिनोव्हाच्या बंदरातून आलेला. गोंधळ, राडा, म्हणजे 'किलोंबो', अंगोलातल्या किंबुंदू भाषेतून, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या तोंडून. सिगरेटचं थोटूक 'पूचो', अँडीजमधल्या केचुआ भाषेतलं.

[दृश्य : बंदराजवळची जुनी इमारत. लांबच लांब शयनगृहं, उंच खिडक्या.]

हे 'होतेल दे इन्मिग्रान्तेस'. 1911 मध्ये बांधून पूर्ण झालं, 1953 पर्यंत चाललं, आता संग्रहालय आहे. जहाजातून उतरलेल्या माणसाला इथे पाच दिवस फुकट राहायला आणि जेवायला मिळायचं. पाच दिवसांत काम शोधायचं आणि बाहेर पडायचं. 1914 च्या जनगणनेत ब्युनोस आयर्समधली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. अर्धं शहर नवखं! सगळ्यात जास्त इटालियन आणि स्पॅनिश, त्यांच्याबरोबर रशियातून आलेले ज्यू, सीरिया-लेबनॉनचे अरब, पोलिश.

ही माणसं राहायला गेली 'कोन्वेन्तीशो'त. 1871 मध्ये पिवळ्या तापाची मोठी साथ आली आणि श्रीमंतांनी दक्षिणेकडचे वाडे सोडून उत्तरेला घरं केली. रिकाम्या वाड्यांच्या खोल्या पाडून भाड्याने दिल्या गेल्या. मध्ये चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, सामाईक नळ, सामाईक संडास. गिरगावातल्या माणसाला चित्र काढून दाखवायची गरज नाही. नळावर जिनोव्हाची बाई, तिच्या मागे स्पेनमधल्या गालिसियाची, तिच्या मागे नेपल्सची. कोणाचीच स्पॅनिश धड नाही, आणि तरीही भांडण तर करायचंय. इटालियन-स्पॅनिशच्या त्या धेडगुजरी बोलीला 'कोकोलीचे' म्हणत. नाटकवाल्यांनी त्यावर वर्षानुवर्षं हशे वसूल केले.

त्याच वस्त्यांतून आली 'लुनफार्दो', या शहराची खास बोली. पहिल्यांदा तिची दखल घेतली ती पोलिसांच्या बाजूने. 1879 मध्ये बेनिग्नो लुगोनेस या पोलीस खात्यातल्या कारकुनाने 'ला नासियोन' या वर्तमानपत्रात चोरांच्या शब्दांवर लेख लिहिले. त्यामुळे बरीच वर्षं ही गुन्हेगारांची सांकेतिक भाषा असंच समजलं गेलं. ते अर्धवट खरं आहे. चोर ती बोलत होते, पण तीच बोली गवंडी, हमाल, शिंपी आणि ट्राम कंडक्टरही बोलत होते. चोरांवरचे लेख छापून येतात, शिंप्यावरचे येत नाहीत, इतकंच.

आता चोराचा विषय निघालाच आहे तर. लुनफार्दोत चोराला म्हणतात 'चोर्रो'. ऐकून आपण दचकतो, आणि दचकणं बरोबरच आहे. हा शब्द स्पेनच्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या 'कालो' बोलीतून आला. रोमांची भाषा हजारेक वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेलेली. चोर्रो आणि आपला चोर एकाच घरातले. एक जमिनीवरून इराण, बाल्कन, स्पेन करत गेला आणि तिथून समुद्र ओलांडून ब्युनोस आयर्सच्या ला बोका वस्तीतल्या गल्लीत पोचला. या शहरात मराठी माणसाला शिकवल्याशिवायच येणारा एखादा शब्द असेल तर तो हा, आणि सबवेत खिसा सांभाळताना तो कामीही येतो.

1943 मध्ये लष्करी सरकारने रेडिओवर लुनफार्दो बंद करून टाकली. भाषा शुद्ध ठेवायची होती. टँगोचे शब्द बदलून, सोवळे करून गायला लावले. काही वर्षांतच ही बंदी ढिली पडली. 1962 मध्ये तर लुनफार्दोची रीतसर अकादमी निघाली आणि ती आजही आहे. जिच्यावर पोलिसांनी टिपणं काढली, तिच्यावर आता विद्वान शोधनिबंध लिहितात.

[दृश्य : कोपऱ्यावरचा कॅफे. वेटर ट्रे घेऊन टेबलांमधून वाट काढतोय.]

इथे शब्द उलटे करायचीही खोड आहे. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्यांना ती लगेच कळेल. 'रेवेस' म्हणजे उलट, म्हणून या खेळाचं नाव 'वेसरे'. कॅफेचं होतं 'फेका', टँगोचं 'गोतान', आमीगोचं 'गोमीया'. डॉक्टर होतो 'तोर्दो'. एक शब्द मात्र जपून. 'होतेल' उलटा केला की 'तेलो', आणि तेलो म्हणजे तासावर खोली देणारं हॉटेल. सहकाऱ्याला आईवडिलांसाठी चांगलंसं तेलो सुचवायला सांगू नका. तसंच स्पेनमध्ये शिकलेलं 'कोहेर' हे क्रियापद. तिथे ते बिनधास्त 'घेणे', 'पकडणे' म्हणून चालतं. इथे तो संभोगासाठीचा अश्लील शब्द आहे, बस 'कोहेर' करतो म्हणालात तर सगळी बस हसेल. बस 'तोमार' करावी.

पैशांची गंमत वेगळी. पेसोला 'मांगो' म्हणतात, हजाराला 'लूका', दहा लाखांना 'पालो'. शंभराला 'गाम्बा' म्हणायचे. म्हणायचे, कारण 2023 या एका वर्षात महागाई 211 टक्के झाली आणि शंभर पेसोंत घेण्यासारखं काही उरलं नाही. 2024 मध्ये दहा हजारांची नोट आली, त्याच वर्षी वीस हजारांची. तरुण पोरांच्या तोंडी गाम्बा क्वचितच येतो. सगळा हिशोब लूकांत. भाव विचारला की "दोस लूकास" एवढंच उत्तर येतं, आणि महागाईच्या त्या दिवसांत पुढच्या महिन्यात उत्तर बदललेलं असायचं. फ्लोरिदा या पायी चालायच्या रस्त्यावर "कांब्यो, कांब्यो" ओरडत डॉलर बदलून देणारे उभे असतात. दिवसभर एकाच जागी रोवल्यासारखे, म्हणून त्यांचं नाव 'आर्बोलीतो', छोटं झाड.

[दृश्य : ऑफिसची छोटी पँट्री. एकाच्या काखेत थर्मास. जवळून : भोपळ्याचं भांडं, धातूची नळी, हिरवी पूड.]

आता 'माते', शेर्बा नावाच्या हिरव्या पुडीवर गरम पाणी ओतून नळीने प्यायचं कडू पेय. भांडं एक, नळी एक, माणसं सहा. उष्टं म्हणून मागे सरलात तर कोणी जबरदस्ती करणार नाही, पण मग त्या घोळक्याची बातमीही तुमच्यापर्यंत येणार नाही. ओतणारा एकच, तो 'सेबादोर'. पहिलं, सगळ्यात कडू पाणी तो स्वतः पितो. मग पाणी घालून पुढच्याला देतो. पाणी उकळतं नको, शेर्बा करपते. पूड तिरकी ठेवलेली असते, एक बाजू कोरडी. पाणी नळीच्या कडेने, बारीक धारेने. तुमच्या हातात आलं की नळी हलवू नका, चहा ढवळल्यासारखी तर मुळीच नको. ती हलली की पूड नळीत शिरते आणि सेबादोरचं मन मोडतं. संपेपर्यंत ओढा, शेवटचा सुर्र आवाज झाला तरी लाजू नका, भांडं परत द्या. आणि गप्प बसा. आभार मानायचे नाहीत. 'ग्रासियास' म्हणालात तर अर्थ होतो, पुरे, आता मला नको. पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. सभ्य माणसं पहिल्या फेरीतच बाद होतात.

माते पिताना एक शब्द सारखा कानावर पडतो, 'बोलूदो'. मूर्ख, बावळट आणि मित्रा, तिन्ही. 2013 मध्ये स्पेनच्या 'एल पाईस' या वर्तमानपत्राने प्रत्येक देशाचा एक शब्द निवडायला सांगितला, तेव्हा अर्जेंटिनासाठी कवी ख्वान खेल्मान यांनी हाच निवडला. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने तो समजून घ्यावा, वापरायची घाई करू नये. आपल्याकडे नव्याने मराठी शिकलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी 'काय रे भावड्या' म्हणाला तर लोक हसतात, पण 'येड्या' म्हणाला तर क्षणभर थांबतात. लाबूरो, बोंदी, लूका खुशाल वापरा. असले बरेच शब्द आणलेच होते बाहेरच्यांनी.

[दृश्य : गल्लीतलं छोटं सुपरमार्केट. रात्रीचे आठ. काउंटरवर रांग.]

माणसं आजही येतात. पॅराग्वे, बोलिव्हियाहून फार आधीपासून, अलीकडे व्हेनेझुएलातून. भाजीची बरीच दुकानं बोलिव्हियन कुटुंबांची. गल्लीतलं सुपरमार्केट बहुतेक वेळा चिनी माणसाचं, त्यातही फुजियान प्रांतातल्या, म्हणून कुठलंही छोटं सुपरमार्केट असो, लोक म्हणतात, "चीनोकडे जाऊन येतो." आता काउंटरवरचा हा मालक बघा. बायकोशी फुजियानच्या बोलीत बोलतोय, फोनवर कोणाला तरी "वोस तेनेस" करून सुनावतोय आणि गिऱ्हाइकाला सांगतोय, सात लूका. रांगेतला व्हेनेझुएलन पोरगा पाठीवरची डिलिव्हरीची पेटी सावरत आठ देतो. मालक गल्ला उघडून बघतो. सुट्टे नाहीत. बरणीतून चार गोळ्या काढून काउंटरवर ठेवतो. पोरगा हसतो, गोळ्या खिशात टाकतो आणि म्हणतो, "ग्रासियास." इथे म्हटलं तर चालतं.