मूळ कॉमिक पान हातात आलं की आधी ते उलटं करा

नमस्कार मंडळी. हे पान बघा. (पान कॅमेऱ्यासमोर धरून) रुंदी ११ इंच, उंची १७ इंच, जाड ब्रिस्टल बोर्ड. रंग कुठेच नाही, नुसती काळी शाई. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक छापायच्या आधी चित्रकाराच्या टेबलावर जे पान असतं, ते हे. रंगांचं काम वेगळं व्हायचं. या पानावर नायक एकाच चौकटीत आहे, तोही पाठमोरा, म्हणून मला ते परवडलं.

किमतीचं आधीच सांगून टाकतो, कारण मेसेजमध्ये सगळे तेच विचारतात. जानेवारी २०२२ मध्ये माइक झेक यांनी काढलेलं मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स' या मालिकेच्या आठव्या अंकातलं एक पान लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला, ते त्या पानावर आहे. त्या आकड्याकडे बघून या छंदात येऊ नका. दुय्यम पात्रांची, नुसत्या बोलाचालीची पानं त्याच्या कितीतरी खाली मिळतात, आणि चित्रकाराचा हात त्यांतही तेवढाच दिसतो.

तो हात बघायचा कसा? पान उजेडात तिरकं धरा. शाईखाली पेन्सिलीच्या रेषा दिसतात, कुठे नीट न खोडलेल्या. हा पांढरा ठिपका बघा. इथे बोट चुकलं होतं, पांढऱ्या रंगानं झाकून पुन्हा काढलंय. मोठ्या काळ्या भागात कुंचल्याचे फटकारे वेगळे कळतात, शाई कुठे दाट, कुठे पातळ. जुन्या पानांवर संवादाचे फुगे कधी कधी वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले असतात आणि तो गोंद पिवळा पडतो. तो डाग मला फार आवडतो. आता पान उलटं करा. मागे शिक्के असतात, पेन्सिलीतले हिशोब असतात, जुन्या पानांवर कॉमिक्स कोडच्या, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्या अमेरिकन यंत्रणेच्या, मंजुरीचा शिक्काही सापडतो.

हे मी पैसे घालवून शिकलोय. माझं पहिलं 'ओरिजिनल' मी ऑनलाइन घेतलं. जाड कागद, खाली चित्रकाराची सही. घरी भिंगाखाली धरलं तर काळा रंग सगळीकडे एकसारखा सपाट, पेन्सिलीची एक रेघ नाही. सही हाताची होती, चित्र छापील होतं. विक्रेत्यानं पुढे उत्तरच दिलं नाही. म्हणून पैसे देण्याआधी तिरक्या उजेडातला फोटो मागा, मागच्या बाजूचा मागा. आकारही विचारा. १९६७ च्या सुमारापर्यंत ही पानं याहून बरीच मोठी काढायचे, तेव्हा १९६३ चं म्हणून कुणी एवढंच पान दाखवलं तर थांबा.

नव्या पानांत अजून एक गोष्ट. पेन्सिल एका गावात आणि शाई दुसऱ्या गावात असं काम आता चालतं. पेन्सिलीचं चित्र स्कॅन करून फिक्या निळ्यात छापतात आणि त्यावर शाई भरतात. म्हणजे एकाच पानाची दोन मूळ पानं, एक पेन्सिलीचं, एक शाईचं. आपण कुठलं घेतोय ते विचारा. सगळं काम संगणकावर झालं असेल, तर कागदाचं मूळ पान नसतंच.

आणि पान आलं कुठून, हे मी हटकून विचारतो. एके काळी प्रकाशक ही पानं चित्रकारांना परत देत नसत. कुणाला भेट म्हणून गेली, काही चोरीला गेली, काही फेकली गेली. जॅक कर्बी यांनी मार्व्हलसाठी हजारो पानं काढली. स्वतःची पानं परत मिळवायला त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं आणि १९८७ मध्ये हाती आली ती साधारण २,००० च्या आसपास. माझ्या मते ही या छंदातली सगळ्यात दुखरी गोष्ट आहे. उलट स्पायडरमॅन पहिल्यांदा ज्यात आला त्या 'अमेझिंग फँटसी'च्या पंधराव्या अंकाची, स्टीव्ह डिटको यांनी काढलेली २४ पानं कुणीतरी नाव न सांगता २००८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली.

आपल्याकडे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा सुपरहिरो नागराज आला, त्याची सुरुवातीची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. आपल्या चित्रकारांची पानंही तेवढ्याच मायेनं जपायला हवीत. कुणाच्या घरी माळ्यावर अशी पानं असतील, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघा.

आता जपणूक. हा कोपरा बघा, लाटेसारखा झालाय. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या गावभागातल्या घराचा तळमजला पाण्यात. हे पान वर माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होतं. पाणी तिथवर आलं नाही, पण दमटपणा आला. वॉटरप्रूफ शाई टिकली, मार्करनं भरलेली ही कड मात्र जांभळी पसरली. तेव्हापासून पान मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे ॲसिड नसलेला पुठ्ठा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा ट्रंक उघडून कसर लागली नाही ना ते बघणं. फ्रेम केलीत तर काच कागदाला टेकू देऊ नका, उन्हाच्या भिंतीवर लावू नका. आणि लॅमिनेशन कधीही नाही. दुकानदार कितीही म्हणाला, "साहेब, आयुष्यभर टिकेल," तरी नाही. ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही.

बाहेर भरून आलंय. हे पान आधी पिशवीत घालतो.