उत्तर पाठवू नका, कोर्टात जा

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इथे सिडनीत स्वतःच्या कंपन्या आहेत, त्यामुळे मर्यादित जबाबदारी वगैरे समजावत बसत नाही. विषय आहे स्टॅट्युटरी डिमांडला, म्हणजे थकलेलं देणं 21 दिवसांत फेडा म्हणून धनकोने कंपनीला पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीला, आव्हान देण्याचा. पण आधी एक हकीकत सांगते, कारण ती आठवली की अजून जीव तळमळतो.

आपल्याच एका माणसाचं पॅरामॅटाला रेस्टॉरंट होतं. ठेकेदाराने स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट धड बसवला नाही, सगळा धूर गिऱ्हाइकांच्या टेबलांवर. यांनी शेवटचा हप्ता अडवला. फोटो, ईमेल, सगळा पुरावा जपलेला. ठेकेदाराने डिमांड धाडली. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता अकाउंटंटच्या ऑफिसचा, तिथे ती टपालात पडून राहिली. (पुष्कळांचा पत्ता असाच असतो. तुमचा कुठला आहे, ते आज घरी गेल्यावर बघाच.) मुदत मात्र कागद त्या पत्त्यावर पोचल्यापासूनच मोजतात, तुम्ही वाचल्यापासून नाही. हातात आल्यावर यांनी पुण्यातल्या वकील मेहुण्याला विचारून ठेकेदाराला चार पानी खणखणीत उत्तर पाठवलं. भारतात ते बरोबरच ठरलं असतं. तिथे दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 नुसार नोटीस मिळाल्यावर 10 दिवसांत धनकोला वाद असल्याचं कळवायचं असतं. ऑस्ट्रेलियात अशा पत्राने मुदत एक दिवसही थांबत नाही. 21 दिवस उलटले, कायद्याने कंपनी दिवाळखोर धरली, आणि ती गुंडाळायचा अर्ज आला. त्या टप्प्यावर तोच जुना वाद काढायला कोर्टाची खास परवानगी लागते, आणि ती सहज मिळत नाही. खरी तक्रार असलेला माणूस नुसता चुकीच्या दारात उभा राहिला म्हणून बुडाला!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा आता भरभर सांगते. कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट 2001, कलम 459जी. डिमांड रद्द करण्याचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र 21 दिवसांत दाखल करायचं, आणि दोन्हींच्या प्रती त्याच 21 दिवसांत धनकोला पोचवायच्या. कोर्टालाही ही मुदत वाढवता येत नाही. डेव्हिड ग्रँट विरुद्ध वेस्टपॅक, 1995, इथल्या हायकोर्टाचा, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कारणं पहिल्याच प्रतिज्ञापत्रात यायला हवीत, मागाहून नवं कारण जोडता येत नाही.

कारणं कुठली? देण्याबद्दल खरा वाद, किंवा तुमचंच धनकोकडे काही येणं. ते वजा करून 4,000 डॉलरच्या खाली रक्कम उरली, तर डिमांड रद्द होते. ही मर्यादा 1 जुलै 2021 पासूनची. शिवाय डिमांडमधल्या दोषामुळे मोठा अन्याय होत असेल तर तेही कारण. वाद जिंकून दाखवायचा नसतो, तो तपासण्याजोगा आहे एवढंच दाखवायचं. मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, सुरू झालेल्या मोबिलॉक्स प्रकरणात 2017 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑस्ट्रेलियातल्या निकालांचा आधार घेत हीच कसोटी लावली.

कुणाच्या हातात आत्ता अशी डिमांड असेल, तर प्रश्नोत्तरं संपायची वाट बघू नका. पाकीट घेऊन आधी माझ्याकडे या, आणि ते नोंदणीकृत पत्त्यावर कधी पोचलं ती तारीख विचारून या.