बोअरची मोटर आणि समुद्राचा तळ

जहाजावरून चालवायची, माणूस नसलेली समुद्रतळावरची यानं, या विषयावर सांगलीत बोलायचं म्हणजे मला एक सोय आहे. बोअरमध्ये मोटर सोडताना तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिलेलं असतं. मेकॅनिक आधी तिच्या पोटात स्वच्छ पाणी भरतो, अगदी बुडबुडे थांबेपर्यंत. लहानपणी मला हा वेडेपणाच वाटायचा. पाण्यात जाणाऱ्या मोटरीत आणखी पाणी कशाला? ते पाणी मोटर थंड ठेवतं, हे खरंच. पण आत हवेची पोकळी राहिली नाही, की बाहेरच्या दाबाला चिरडायलाही काही उरत नाही.

समुद्रतळावरच्या या यानांचे हात आणि मोटरी याच युक्तीवर चालतात. पाण्याऐवजी तेल भरतात आणि त्याला एक लवचिक पिशवी जोडतात. बाहेरून पिशवी जेवढी दाबली जाईल, तेवढाच दाब आतल्या तेलाचा होतो.

दाब किती? दर १० मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वाढतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती; तेवढ्या पाण्याखाली जेमतेम पावणेदोन किलो. ६,००० मीटरवर सहाशे किलो, तेही नखाएवढ्या जागेवर!

तरी दाबाचं निभतं. अडतं ते केबलवर. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. आवाज जातो, पण सेकंदाला दीडच किलोमीटर. सहा किलोमीटर खाली ‘थांब’ पोचायला चार सेकंद, ‘थांबलो’ यायला आणखी चार. तोवर यान खडकावर! म्हणून जहाजापासून यानापर्यंत केबल लागते.

जपानचं ‘काइको’ यान १९९५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत १०,९११ मीटरवर टेकलं. जहाजापासून जाड केबलनं लाँचर, म्हणजे यान खाली नेणारा सांगाडा, सोडायचा आणि लाँचरपासून पुढे बारीक केबलवर यान. लाटेनं जहाज उचललं की हिसका लाँचर खातो, यान निवांत. मे २००३ मध्ये शिकोकू बेटाजवळ नेमकी ती बारीक केबल तुटली. लाँचर वर आला, काइको आलं नाही.

अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या मंडळींनी मग केबलच केसाएवढी केली. त्यांच्या ‘नीरियस’मध्ये बॅटऱ्या यानातच होत्या, फायबरमधून, म्हणजे त्या केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, फक्त बोलणं. फायबर तुटलं तरी यानानं आपलं आपण वर यायचं. २००९ मध्ये ते १०,९०२ मीटरवर जाऊन आलं. मे २०१४ मध्ये न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत, ९,९०० मीटरवर, संपर्क गेला आणि नंतर तुकडे तरंगताना दिसले. वजन तोलायला त्यात सिरॅमिकचे पोकळ गोळे होते. त्यातलाच एखादा फुटला असावा. म्हणजे घात केला तो पुन्हा पोकळीनंच.

आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं ‘रोसब ६०००’ हे यान २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खाली उतरलं. तिथल्या तळावर बटाट्याएवढे गोळे पसरलेत, मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्टचे. भारताचा डोळा त्यांच्यावर आहे.

बोला काका, मागचे. काइको सापडलं का? नाही. पुष्कळ शोधलं, नाही सापडलं.

काका म्हणतायत, त्यांचीही मोटर तीन वर्षं झाली, बोअरमध्येच आहे.