अर्ज भरणारा माणूस: जे. बी. स्टोनर

२९ जून १९५८. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. रात्रीची वेळ. बेथेल बॅप्टिस्ट चर्चवर पहारा आहे. पहारेकरी विल हॉल आणि कर्नल स्टोन जॉन्सन. ‘कर्नल’ हा हुद्दा नाही, ते त्यांचं नावच. चर्चचे पाद्री फ्रेड शटल्सवर्थ कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढत होते. दीड वर्षापूर्वी, नाताळच्या रात्री, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. तेव्हापासून लोक आळीपाळीनं जागतात.

भिंतीलगत रंगाचा एक डबा धुमसतोय. आत डायनामाइट. दोघं तो डबा उचलून रस्त्यावर नेतात, ठेवतात आणि धावत सुटतात. स्फोट होतो. चर्चच्या काचा फुटतात, माणसं वाचतात.

या स्फोटाचा गुन्हेगार, जे. बी. स्टोनर, शेजारच्या जॉर्जिया राज्यात १९२४ साली जन्मला. लहानपणीच्या पोलिओमुळे तो लंगडत चाले. तरुणपणीच कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेत गेला, ज्यूविरोधी पक्ष काढला, पुढे वकील झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मारेकऱ्याचं वकीलपत्रही त्यानं घेतलं.

आणि निवडणुका! १९६४ला उपराष्ट्राध्यक्षपद, १९७०ला जॉर्जियाचं गव्हर्नरपद (राज्याचं निवडून येणारं प्रमुखपद), १९७२ला सिनेट (अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह). पडायचं आणि पुन्हा अर्ज भरायचा.

१९७२ची निवडणूक नीट पाहायला हवी. स्टोनरच्या प्रचाराच्या जाहिरातीत कृष्णवर्णीयांसाठीची सर्वांत घाणेरडी शिवी होती. ती थांबवा, अशी मागणी झाली. पण उमेदवाराच्या भाषणाला टीव्ही-रेडिओ केंद्रांनी कात्री लावायची नाही, असा कायदा होता. या केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय दळणवळण आयोगानं मागणी फेटाळली आणि ती शिवी जॉर्जियाच्या घराघरांत ऐकू गेली. लहान मुलांनीही ती ऐकली असणार. स्टोनरला खुर्चीपेक्षा भोंगा हवा होता, असं मला वाटतं. उमेदवारीनं तो मिळवून दिला.

१९७४ला लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे गव्हर्नरखालच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी, त्याला ७० हजारांहून जास्त मतं पडली. मला त्या डब्याइतकीच या आकड्याची भीती वाटते. डबा ठेवणारे मूठभर होते.

अलाबामाचे ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) बिल बॅक्स्ली यांनी जुन्या फायली उघडल्या. १९८०मध्ये, स्फोटानंतर २२ वर्षांनी, स्टोनर दोषी ठरला. शिक्षा १० वर्षांची. अपिलं संपल्यावर तो काही महिने फरार झाला, १९८३मध्ये शरण आला आणि १९८६मध्ये सुटला.

१९९०मध्ये त्यानं लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी पुन्हा अर्ज भरला.

२००५च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातच तो वारला. त्याच वर्षी बेथेल चर्च राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झालं.