कोऱ्या शब्दांची शोधाशोध

(दृश्य : बडोदे, दांडियाबाजार. जुन्या घराचा दुसरा मजला, संध्याकाळ.)

कुकरची पहिली शिट्टी झाली आहे. दिवाणावर आजी, समोर नात. नातीच्या हातात बारा कार्डं, मांडीवर मोबाईल, त्यात स्टॉपवॉच लावलेलं.

"आजी, एकेक कार्ड दोन सेकंद दाखवीन. मोठ्यानं वाच, पण अर्थ लावू नकोस."

"अर्थच नाही तर वाचायचं कशाला?"

आजींच्या या प्रश्नाचं उत्तर 1885 सालात आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं त्या वर्षी स्मृतीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ओळखीच्या शब्दाला जुन्या आठवणी चिकटलेल्या असतात, म्हणून तो चटकन लक्षात राहतो. एबिंगहाउसला हवं होतं निव्वळ पाठांतर. त्यानं दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर बसवून सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट तयार केले. ते पाठ करायला माणूस एकच, तो स्वतः. पाठ करायचे, विसरायचे, पुन्हा पाठ करायचे. घरच्यांनी हे कसं सहन केलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या खेपेला किती कमी कष्ट पडले, ते तो मोजायचा. याला म्हणतात बचत. तासाभरात ती निम्म्याखाली यायची, एका दिवसानंतर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणि महिन्याभरानं पाचव्या.

(दृश्य : युनिव्हर्सिटीचा रस्ता, सायकली, सेवउसळीची गाडी.)

नात एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.ए.ला आहे, विषय मानसशास्त्र. प्रवेश घेतला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "आता तुझ्यासमोर जपून बोलायला हवं." प्रत्यक्षात पहिलं वर्ष गेलं ते सरासरी, प्रमाण विचलन आणि प्रयोगवहीत. बी.ए. झालं की दारावर पाटी लावता येते, हाही गैरसमजच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पुढचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. काकूंना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

वर्गात इंग्रजी, गाडीवर गुजराती, घरी मराठी. आणि अडचण नेमकी इथेच आली. एबिंगहाउसच्या धर्तीवर तिनं केलेली अक्षरगटांची यादी इंग्रजी अक्षरांत अगदी निरर्थक दिसत होती. आजींसाठी ती देवनागरीत उतरवली, तर त्यातून मूग निघाला, गूळ निघाला, वाल निघाले. स्वयंपाकघर सगळं बाद. 'ताव' तर दोन्हीकडून बाद : मराठीत कागदाचा ताव, बासुंदीवर मारायचा ताव, आणि गुजरातीत ताव म्हणजे ताप. एबिंगहाउस बडोद्याला राहता, तर त्याला 2300 गट जमवणं जड गेलं असतं.

(दृश्य : पुन्हा दिवाण.)

आजींनी संमतीपत्र वाचून मोडक्या अक्षरात सही केली आहे. वहीत त्यांचं नाव येणार नाही, फक्त 'प्रयुक्त', म्हणजे जिच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती. मध्येच उठायची मुभाही त्यात लिहिली आहे. आजींनी ती लगेच वापरली. आठव्या कार्डाला तिसरी शिट्टी झाली आणि प्रयुक्त गॅस बंद करायला आत गेल्या. वाचन रद्द. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, आजींना चार कार्डं आठवली. 'दिफ' बरोबर. 'झूप'चं त्यांनी 'झोप' केलं, ते चूक धरायचं. उरलेली दोन म्हणजे 'केम' आणि 'बेस'.

नात कपाळावर हात मारते. मराठी अर्थ तिनं वेचून काढले होते, पण गुजराती चाळणीतून निसटलं. जन्मभर बडोद्यात राहिलं की 'केम' म्हणजे का आणि 'बेस' म्हणजे बस, हे वेगळ्या भाषेतले शब्द वाटतच नाहीत.

"बाकीची आठ गेली ना," आजी म्हणतात, "मग आता माझी पाळी. औटकी म्हण."

नातीला औट म्हणजे साडेतीन, एवढंच ठाऊक आहे; त्याचा पाढा नाही.

आजी भिंतीला टेकतात, डोळे मिटतात. मराठी शाळेतला, सत्तर वर्षांपूर्वीचा सूर जसाच्या तसा लागतो : औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस...

नात स्टॉपवॉच बंद करून कॅल्क्युलेटर उघडते.